पयली ओळ वाच

चिखलीच्या बसस्टँडसमोर इंगळे मॅडमचा फ्लेक्स लागला आहे. 'शांत, संयमी, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हरपले' असं त्यावर लिहिलंय. खाली श्रद्धांजली वाहणाऱ्याचा, म्हणजे आमच्या जुन्या मालकाचा, संजूभाऊंचा फोटो. तो मॅडमच्या फोटोपेक्षा मोठा आहे आणि त्यात भाऊ मोबाईलवर बोलतायत. तो फ्लेक्स वाचला आणि माझं डोकंच फिरलं. कुमुद इंगळे शांत नव्हत्या. संयम त्यांना ठाऊकच नव्हता. आणि मनमिळाऊ म्हणाल, तर खोटं बोलणाऱ्या माणसाशी त्यांचं पाच मिनिटं पटत नसे. ज्यानं त्यांना दारातून बाहेर काढलं, त्यानंच आता त्यांच्या नावाला ही गुळगुळीत विशेषणं चिकटवावीत, हे मला सहन होत नाही. म्हणून लिहायला बसलो. रागातच लिहितो आहे, आणि मॅडमना त्याचं काही वाटलं नसतं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या पॉलिटेक्निकच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये. साडीखाली स्पोर्ट्स शूज, चष्म्याला काळी दोरी, आणि आवाज असा की बाहेरच्या व्हरांड्यातली पोरं उगाचच सरळ उभी राहत. त्या आम्हाला सी भाषा शिकवायच्या. मी खेड्यातल्या मराठी शाळेतून आलेलो. त्या दिवशी स्ट्रक्चरचा पहिला प्रोग्राम होता. स्ट्रक्चर म्हणजे काही फार अवघड नाही. एका वस्तूबद्दलची निरनिराळी माहिती एकाच चौकटीत, ठरलेल्या जागांवर ठेवायची. मी चौकट लिहिली, कंस बंद केला, कंपाइल केलं, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवायला कंपायलरकडे दिला, आणि पडदा वरपासून खालपर्यंत इंग्रजी एररनी भरून गेला. दिसेल ती ओळ मी पुसत सुटलो.

"हात काढ बे कीबोर्डवरून!" पाठीमागून आवाज आला. "काय पुसून राह्यला?"

"मॅडम, लय एरर आल्या."

"त्या मोजाले सांगतल्या का तुले? पयली ओळ वाच. उभा राहून वाच, साऱ्याइले आयकू जाऊ दे."

मी अडखळत ती इंग्रजी ओळ वाचली. वर्ग हसला. मॅडम वर्गाकडे अशा वळल्या की हसू जागच्या जागी थांबलं. मग मला म्हणाल्या, "आता सांग, तो काय म्हणून राह्यला? आपल्या बोलीत सांग."

"मॅडम, तो म्हणून राह्यला का, कंस बंद केला, पण त्याच्या मांगं अर्धविराम नाही देल्ला."

"दे मंग. कोणाची वाट पाहून राह्यला?"

मी अर्धविराम दिला आणि सगळा पडदा कोरा झाला. "पाह्यलं?" त्या म्हणाल्या. "एकच होती. बाकीचा सारा तिचा गोतावळा." पुढची सगळी वर्षं प्रत्येक पोराला त्यांनी असंच उभं केलं. कंपायलरचं म्हणणं आधी मोठ्यानं वाचायचं, मग वऱ्हाडीत सांगायचं, आणि मगच कीबोर्डला हात लावायचा. पुण्याला नोकरीला गेलेली आमची पोरं आजही तोंडातल्या तोंडात एररचं वऱ्हाडी करतात आणि शेजारच्या टेबलावरचे लोक त्यांच्याकडे बघत राहतात.

त्यांच्या रागाला एक दिशा होती, हे मला हळूहळू कळलं. चुकलेल्या पोरावर त्या ओरडायच्या, पण त्यात जोर नसायचा. खरा भडका उडायचा तो चूक झाकणाऱ्यावर. एका हुशार मुलानं एरर येणाऱ्या ओळींपुढे दोन तिरप्या रेघा मारल्या. अशा रेघा मारल्या की कंपायलर ती ओळ सोडून देतो. प्रोग्राम बिनतक्रार चालला, आणि पोरगा ऐटीत हात वर करून बसला. मॅडमनी पडदा पाहिला आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "ते बिचारं तोंड उघडून सांगून राह्यलं, आन् तू त्याचंच तोंड दाबून राह्यला? जे बोंबलते ते आपलं हाय बे. जे चूप राह्यते त्याचा भेव ठेव." त्या पोराला त्यांनी तो तास संपेपर्यंत सगळ्या रेघा पुसायला लावल्या.

चौकटीतल्या जागा कशा भरायच्या, हे त्यांनी पंगतीवरून शिकवलं. फळ्यावर एक ओळ काढली, तिच्यात माणसं बसवली. "वाढपी काय करते? ओळीनं वाढत जाते. कोण बसलं ते पाह्यत नाही. आता समजा, शेवटच्या माणसाच्या आंधी आपण एक पाव्हना घुसवला, आन् वाढप्याले सांगतलंच नाही. तर काय होईल?" मग त्यांनीच सांगितलं. "शेवटच्याचं जेवण पाव्हन्याच्या पानात पडंल. शेवटचा उपाशी. आन् सी मधी त्याहून वाईट. त्याच्या रिकाम्या पानात कंपायलर गुपचूप शून्य ठेवून देते, आन् हूं का चूं करत नाही. म्हणून नाव घेऊन वाढ बे! पाटील बुआ, हे तुमचं वरण. शेळके मामा, हा तुमचा भात. मंग मधी कोणीबी येऊन बसू दे." वेगवेगळ्या जागांची नावं लिहून त्यांच्या किमती, म्हणजे तिथे ठेवायचे आकडे, द्यायची ही पद्धत तेव्हा आमच्या पुस्तकात नव्हती. परीक्षेलाही ती येत नव्हती. तरी त्या शिकवत होत्या.

कॉलेजनं त्यांना ठेवलं नाही. एक तपासणी समिती येणार होती, आणि विभागप्रमुखांचं फर्मान निघालं की त्या दिवशी एकाही पडद्यावर एरर दिसता कामा नये. मॅडमनी समितीसमोर एका मुलीला उभं केलं आणि चांगली लांबलचक एरर वाचायला लावली. समितीतल्या एका गृहस्थांना ते आवडलंसुद्धा. पण तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला काढून टाकावं लागत नाही. पुढच्या वर्षी बोलावलं नाही की झालं. मॅडमना बोलावलं नाही. त्यांचे यजमान, अमडापूरच्या शाळेतले इंगळे गुरुजी, हे मॅडमच्या अगदी उलट, हळू बोलणारे. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "कोल्हे, आता दिवसभर मलेच पयली ओळ वाचा लागंल." मॅडम स्वयंपाकघरातून ओरडल्या, "वाचा ना मंग! पेपर वाचता, बिल वाचता, बायकोचं आयकत नाही!" गुरुजी हसले.

त्यानंतर त्या संजूभाऊंच्या वर्कशॉपमध्ये लागल्या. मी तिथे आधीपासून होतो. भाऊ शेतातल्या मोटारींचे स्वयंचलित पॅनल बनवायचे. आमच्याकडे मोटारीला लागणारी थ्री फेज लाइन येते तेव्हा शेतकरी शेतावर असेलच असं नाही, म्हणून लाइन आली की मोटार आपोआप सुरू करणारी ही पेटी. तिच्यात छोटी चिप, चिपमध्ये आमचा प्रोग्राम, आणि प्रोग्राममध्ये पॅनलची सगळी माहिती एका स्ट्रक्चरमध्ये. त्या चौकटीतली शेवटची जागा कुलपाची होती. पॅनलवरची किल्ली 'काम चालू' वर फिरवली की कुलूप लागायचं, मग लाइन येवो की जावो, मोटार सुरू होणार नाही. भाऊंच्या पत्रकावर ठळक छापलेलं असायचं, 'किल्ली फिरवा, निर्धास्त काम करा'.

मॅडमनी आल्या आल्या दोन गोष्टी केल्या. सगळ्या किमती नावानिशी लिहायच्या असा नियम केला. आणि कंपायलरमध्ये अशी सोय चालू केली की एरवी तो गिळून टाकतो त्या बारीक शंकाही त्यानं सांगायच्या, आणि अशी नुसती सूचना आली तरी तिला एरर समजून प्रोग्राम थांबला पाहिजे. पहिले काही दिवस आमचं काहीच कंपाइल होईना. भाऊ चिडले. "मॅडम, चालू असलेलं काम तुम्ही बंद पाडून राह्यल्या." मॅडम म्हणाल्या, "चालू होतं का नुसतं चूप होतं, ते आधी पाह्यलं पाह्यजे ना." वाईट माणूस नव्हता तो तेव्हा. हसायचा, चहा पाजायचा, आमच्या घरच्या लग्नांना यायचा. त्याला एकच प्रश्न विचारता यायचा: "कंपाइल झालं ना? मंग झालं."

हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले आणि पॅनलची मागणी एकदम वाढली. त्यातच नवी तक्रार आली. लाइन येताच एका डीपीवरच्या, म्हणजे शेतातल्या एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकाच वेळी सुरू होतात आणि डीपी उडते. म्हणून मोठ्या मोटारींसाठीच्या मोठ्या पॅनलमध्ये प्रत्येक मोटार थोडी उशिरा सुरू करण्याची सोय हवी होती. मॅडम तेव्हा सासूबाईंच्या आजारपणासाठी अमडापूरला होत्या. मी दुसरबीडला पॅनल बसवत फिरत होतो. भाऊंनी नागपूरचा एक सल्लागार गाठला. त्याला मॅडमची ती सूचनेला एरर मानणारी सोय अडचणीची वाटली. भाऊ म्हणाले, बंद करा. त्यानं बंद केली. मग 'उशीर' नावाची नवी जागा त्यानं चौकटीत घुसवली, बरोबर कुलपाच्या आधी. मोठ्या पॅनलच्या किमती नीट भरल्या. लहान पॅनलला उशीर नकोच होता, म्हणून तिथल्या किमती त्याच्या स्वतःच्या सवयीप्रमाणे नावांशिवाय, जुन्याच क्रमानं लिहून टाकल्या. कुलपाची किंमत उशिराच्या पानात पडली. कुलूप उपाशी राहिलं. कंपायलर चूप. सगळं कंपाइल झालं. आणि भाऊंनी पेढे वाटले, हे मी दुसरबीडहून परत आल्यावर ऐकलं.

देऊळघाटचा गजानन वायरमन. त्या भागातल्या बहुतेक मोटारी त्याच्याच हाताखालून गेलेल्या. एका विहिरीवरच्या पंपातून पाणी गळत होतं. दुपारची वेळ, लाइन गेलेली. त्यानं आमच्या पॅनलची किल्ली फिरवली, लाइन नसल्यानं 'काम चालू' चा दिवा लागला नाही, तो लाइन आल्यावर लागेल म्हणाला, आणि पंपाच्या फिरत्या भागात हात घातला. तेवढ्यात लाइन आली आणि मोटार सुरू झाली. त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली.

मॅडम अमडापूरहून थेट बुलढाण्याच्या दवाखान्यात गेल्या, आणि तिथून देऊळघाटच्या विहिरीवर जाऊन ते पॅनल रिक्षात घालून वर्कशॉपवर आल्या. मी तिथेच होतो. त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्यांचं न बोलणं मी पहिल्यांदाच पाहत होतो. माझ्या मशीनवर त्यांनी बंद केलेली सोय पुन्हा चालू केली आणि कंपाइल केलं. लाल ओळी आल्या. "कोल्हे," त्या म्हणाल्या, "वाच." मी उभा राहिलो. कुलूप या जागेला किंमत दिलेली नाही, असं पहिली ओळ म्हणत होती. "आपल्या बोलीत," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "मॅडम, तो म्हणून राह्यला का, कुलपाचं पान रिकामं हाय." त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं डोळे पुसले, आणि मग टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की बाजूचा चहा सांडला.

दोन दिवसांनी देऊळघाटची मंडळी जाब विचारायला आली. गजाननचा भाऊ होता, विहिरीचा मालक होता. संजूभाऊंनी सगळ्यांना खुर्च्या दिल्या आणि कारणं सांगायला सुरुवात केली. गजाननानं मेन स्विच पाडला नव्हता. लाइन अवेळी आली. शेतातली वायरिंग कच्ची होती. वायरमन निष्काळजी असला तर पॅनल काय करणार? प्रत्येक वाक्याला मंडळींच्या माना थोड्या थोड्या हलत होत्या.

"संजूभाऊ," मॅडम उभ्या राहिल्या, "ह्या साऱ्या खालच्या ओळी झाल्या. पयली ओळ वाचा."

"मॅडम, हे वर्कशॉप हाय. तुमचा वर्ग नाही."

"तुम्ही नाही वाचत, तर मी वाचतो." त्यांच्या बोलीत बाया असंच म्हणतात. "कुलपाच्या जागेवर शून्य हाय. ते आमच्या प्रोग्राममधी हाय. तुमच्या पत्रकावर लिवलं हाय, निर्धास्त काम करा. त्यानं केलं. गजाननची चूक नाही." मग त्यांचा आवाज चढला, आणि चढतच गेला. सल्लागारावर, भाऊंवर, पेढ्यांवर. शेवटी त्या इतक्या ओरडत होत्या की आलेली मंडळीच घाबरली. विहिरीचा मालक हळूच मला म्हणाला, "या बाईले काही तरास हाय का?"

तिथेच सगळं बिघडलं, असं मला आजही वाटतं आणि त्याचाच संताप येतो. खरं बोलणारा माणूस ओरडला की लोक त्याच्या ओरडण्याकडे बघतात. भाऊंनी याचा पुरेपूर फायदा घेतला. दुसऱ्या दिवशी मॅडमना येऊ नका असं कळवलं, आणि देऊळघाटला निरोप गेला की बाईंचं डोकं गरम आहे, कामावरून काढलं म्हणून बोलून राह्यल्या. मीही राजीनामा टाकला आणि देऊळघाटला जाऊन तेच सांगितलं. लोक म्हणाले, तू त्याच बाईनं शिकवलेला पोरगा. महिन्याभरात भाऊंनी 'मोफत सर्व्हिसिंग शिबिर' घेतलं. तालुक्यातली सगळी लहान पॅनल गोळा करून त्यांत दुरुस्त केलेला प्रोग्राम भरला, शेतकऱ्यांना पोहे दिले, फोटो काढले. शिबिर कशासाठी, ते कोणाला सांगितलं नाही. कुलूप लागलं, पण लोकांच्या लेखी गजानन निष्काळजीच राहिला. डाव्या हातानं तो बारीकसारीक कामं करायला शिकला, तरी मोटारीच्या कामाला त्याला कोणी बोलवेना. "मेन न पाडणारा वायरमन" असं त्याचं नावच पडलं.

मॅडम त्याच्याकडे जात राहिल्या. पॅनल तपासल्यावर दवाखान्यात परत जाऊन त्या त्याला म्हणाल्या होत्या, "तुयी चूक नाही रे. पयली ओळ आमची हाय." तेच त्या पुढेही म्हणत राहिल्या, त्याला, गावातल्या लोकांना, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला. गुरुजी त्यांना हळू बोलायला सांगायचे. "हळू बोलून कोणाले समजलं हाय का आजवर?" त्या म्हणायच्या. मोठ्यानं बोलूनही समजलं नाही. मागच्या महिन्यात अमडापूरला घरीच त्यांना हृदयविकाराचा झटका आला, आणि गुरुजींनी गाडी बोलावेपर्यंत सगळं संपलं होतं.

शोकसभा भाऊंनीच ठेवली, मंगल कार्यालयात. हॉल भरला होता. पहिल्या रांगेत गुरुजी मान खाली घालून बसलेले. मागच्या दाराशी गजानन, उजवा हात खिशात. भाऊ बोलायला उभे राहिले. मॅडम म्हणजे आमच्या परिवारातल्या, म्हणाले. त्यांचा आवाज कधी चढला नाही, म्हणाले. मग भाऊ म्हणाले, "आता आपण सारे दोन मिनिटं शांत उभे राहू," आणि त्यांनी डोळे मिटले.

सगळे उभे राहिले. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. मी मान खाली घालायचा प्रयत्न केला, पण ती खाली जाईना. त्या बाईसाठी या हॉलनं गप्प राहायचं? आणि तेही या माणसाच्या सांगण्यावरून? माझं तोंड उघडलं.

"कुलपाची जागा रिकामी होती," मी म्हटलं. आवाज माझा मलाच परका वाटला. "प्रोग्राममध्ये. ती वर्कशॉपमध्येच रिकामी राहिली. गजाननची चूक नव्हती."

"कोल्हे, शांतता," भाऊ डोळे न उघडताच म्हणाले.

दाराशी हालचाल झाली. गजाननानं खिशातला हात बाहेर काढला होता. "बोलू द्या त्याले, भाऊ," तो म्हणाला. "ते पयली ओळ हाय."

लोक एकमेकांकडे बघू लागले. भाऊंनी आता डोळे उघडले होते. पहिल्या रांगेत इंगळे गुरुजींनी मान वर केली, मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मोठ्यानं वाच, बाबू. साऱ्याइले आयकू जाऊ दे."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.